वीसपर्यंत

१

जुनी सीडी हातात आली की कुंडलिक खिल्लारे आधी ती खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. चंदेरी थरातून टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले की समजायचं, हिचे दिवस भरत आले. मुंबईच्या दमट हवेत सीडीला बुरशी धरते, थर पापुद्र्यासारखा सुटतो, आणि एकेकाळी आयुष्यभर टिकेल म्हणून विकलेली वस्तू कांजूरच्या कचऱ्यात जाऊन पडते. कुंडलिकला ते बघवत नसे.

पोटापाण्यासाठी तो मुलुंडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. उरलेल्या वेळात भांडुपच्या दोन खोल्यांत बसून जुने गेम वाचवायचा. हे खूळ कुठून आलं असं कोणी विचारलं तर हसून सांगायचा, की विशीत असताना घाटकोपर स्टेशनसमोरच्या एका दुकानात त्याने अशाच गेमच्या शेकडो चोरट्या कॉप्या मारल्या होत्या. तेव्हा लुटलं, आता जपतोय, एवढाच हिशोब.

पद्धत मात्र कडक होती. सीडी निदान तीनदा वाचायची. दोन वाचनं तंतोतंत जुळली तरच खरी मानायची. मग तीन प्रती करायच्या. एक ज्याची सीडी त्याला, एक आपल्याकडे, एक बोरिवलीच्या रेवतीकडे. रेवती त्याच्यासारखीच येडी. साठवलेल्या सगळ्या प्रती ती दर रविवारी एकेकदा चालवून बघायची, लोणच्याची बरणी अधूनमधून हलवावी तशी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो घाटकोपर पूर्वेला जयंती टिपणीसांकडे गेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बेल दाबली तर आत चिमणी चिवचिवली.

"भांडुपहून आलोय, सीडीसाठी," तो म्हणाला.

"चपला आत काढ रे बाबा, बाहेरच्या कुत्रं पळवतं," दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, सहासष्ट वर्षांच्या, एकट्या. बिल्डिंग पाडून नवी होणार होती. एकतीस तारखेला घर खाली करायचं होतं. अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. फक्त पॅसेजची भिंत कुणी हात न लावल्यासारखी होती. बाकी सगळं घर कधीतरी पिवळं रंगवलेलं, आणि हीच भिंत जुन्या हिरव्या रंगाची. जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर एक तेलकट गोल डाग होता.

बाईंनी खोक्यातून नाही, पदराच्या गाठीतून काढावी तशी जपून ती सीडी काढली. 'सुट्टीची पेटी', लहान मुलांसाठी मराठी गेम, सन दोन हजार. अंधेरीच्या कुठल्याशा छोट्या कंपनीने काढलेली, कंपनी केव्हाच बुडाली.

"यात लपाछपीचा खेळ आहे. त्यात राज्य असलेली मुलगी मोजते ना, तो माझ्या इरावतीचा आवाज आहे. सात वर्षांची होती. पुढच्याच वर्षी गेली," त्या म्हणाल्या. "कॅसेटी होत्या, त्या पाणी शिरलं तेव्हा माझ्या आईकडे कुर्ल्याला सडल्या. आता एवढाच आवाज उरलाय. हे घर सोडायच्या आत मला तो हवाय. वीसपर्यंत मोजते ती."

कुंडलिकने सीडी उजेडात धरली. ठिपके नव्हते, चाळणीच होती. "काढतो, काकू," तो म्हणाला. त्या बाईंसमोर दुसरं काही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

२

सीडीच्या वेष्टनावर खेळाचे नियम छापले होते. मनी, मोती, खारुटली आणि तुम्ही, सगळ्यांनी घरात लपायचं. इरा वीस आकडे मोजणार. मग विचारणार, 'येऊ का?' तुम्ही 'ये' म्हणायचं. जो पहिला सापडेल त्याच्यावर पुढचं राज्य. कुंडलिकला आपलं लहानपण आठवलं आणि बरं वाटलं.

अशा सीड्यांत एक ग्यानबाची मेख असते. चोरी होऊ नये म्हणून कंपन्या सीडीवर मुद्दाम एक कडं खराब करून ठेवायच्या. गेम सुरू होताना ते कडं वाचून बघतो. वाचता आलं नाही तर सीडी अस्सल. वाचता आलं तर नक्कल, आणि गेम बंद. म्हणजे खराब असणं हाच खरेपणाचा दाखला. म्हणून जपणाऱ्याने ते कडं दुरुस्त करायला जायचं नाही. ते खराब आहे एवढं लिहून घ्यायचं आणि पुढे सरकायचं. नवख्या पोरांना तो हे पहिल्या दिवशी शिकवायचा.

पहिलं वाचन त्याने नियमाने केलं. तासाभराने आवाजाची फाइल मिळाली. एक, दोन, तीन, अशा ठसक्यात मोजणारा मुलीचा आवाज. सातला किंचित बोबडा. दहा झाले आणि मग नुसती खरखर. त्याने फोनवर काकूंना ऐकवलं.

पलीकडून हुंदका ऐकू आला. मग म्हणाल्या, "पुढचं?"

"पुढचं बहुतेक खराब कड्यात गेलंय काकू. तिथलं वाचत नसतात."

"वाचून तर बघ."

आयुष्यभर पाळलेला नियम कुंडलिकने तिथे मोडला. का मोडला ते त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, बाईमाणूस रडत होती यार. त्याने ड्राइव्हला सांगितलं, कडं सोडू नकोस, घासत बस.

दुसऱ्या वाचनात अकरा आलं. स्वच्छ, जवळून. तिसऱ्या वाचनात बारा. त्याने भिंग पुसलं, ड्राइव्ह बदलला. तेरा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुठलीही दोन वाचनं जुळत नव्हती, आणि फरक दर वेळी बरोब्बर एका आकड्याचा होता. त्याला हे खटकायला हवं होतं. पण रोज संध्याकाळी काकूंना फोन करून "आज तेरा" सांगताना दवाखान्यातल्या पेशंटचा ताप उतरल्याची बातमी देतोय असं वाटायचं, आणि त्या समाधानात खटकणं राहून गेलं. तीन प्रतींच्या शिस्तीप्रमाणे त्याने एक रेवतीलाही धाडून दिली. ती गावी गेली होती, आल्यावर बघते म्हणाली.

३

चौदा आल्यावर त्याने आकड्यांची जागा तपासली. अकरापासून पुढचं सगळं त्या खराब कड्यात होतं. तिथे लिहिलेलं काही असूच शकत नव्हतं. ते कडं कारखान्यातूनच कोरं, बिघडवलेलं आलं होतं.

त्याने शोधत शोधत चंद्रप्रकाशचा नंबर मिळवला. तो गेम लिहिणाऱ्या तिघांपैकी हा एक. आता अंधेरीत कारच्या सीटकव्हरचं दुकान चालवायचा.

"सुट्टीची पेटी? बाप रे, कुठून काढलीस यार," चंद्रप्रकाश खूश झाला. "ती पोरगी आमच्या ऑफिसातल्या बाईंच्या मैत्रिणीची. मस्त होती. पण कंटाळली ना. दहापर्यंत मोजलं आणि म्हणाली, आता आईस्क्रीम द्या. मग आम्ही पुढचे दहा तिच्याच आवाजात जोडून घेणार होतो, ते राहूनच गेलं. वेष्टन आधीच छापून झालेलं, त्यावर वीस. गेममध्ये दहाच आहेत."

"दहाच? नक्की?"

"अरे मीच बसलो होतो रेकॉर्डिंगला. खोलीभर स्पंज चिकटवलेला. एवढ्याशा खोलीत आम्ही दोघं, घाम नुसता. दहाच. का रे?"

"काही नाही," कुंडलिक म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली. पंचवीस वर्षं झाली, माणूस विसरतो. दुसरी आवृत्ती निघाली असेल. जोडलेले आकडे चुकून कड्यात लिहिले गेले असतील. प्रत्येक समजूत पाचेक मिनिटं टिकली.

मग त्याने एक साधी परीक्षा घेतली. पहिल्या दिवशी साठवलेली, फक्त दहापर्यंतची फाइल उघडली. तिचा पडताळा आकडा बघितला, तोच होता. म्हणजे फाइलीत एका टिंबाचाही बदल नव्हता. त्याने ती लावली.

मुलीने पंधरापर्यंत मोजलं.

४

शनिवारी दुपारी त्याची आई विहारात गेली होती. कुंडलिकने दार लावलं आणि कानाला चांगले हेडफोन लावले. आकडा ऐकायचाच नव्हता, आकड्यामागचं ऐकायचं होतं.

दहापर्यंत मागे काही नाही. स्पंजवाली खोली, चंद्रप्रकाश खोटं बोलत नव्हता. अकरापासून खोली बदलत होती. आवाज दबका होत होता, तळवे डोळ्यांवर आणि कपाळ भिंतीला टेकवून मोजावं तसा. प्रत्येक आकड्यानंतर भिंतीवरून परत येणारा श्वास. वर कुठेतरी पंखा फिरत होता, दर फेऱ्याला टक करणारा. बाराच्या सुमारास डोक्यावरून विमान गेलं, खूप खालून, घाटकोपरवरून उतरणारी विमानं जातात तसं.

ठीक आहे, त्याने मनाला सांगितलं. घरी रेकॉर्ड केलं असेल. तिच्या आईनेच टेपवर घेतलं असेल.

सोळा. मग आत कुठेतरी चिमणी चिवचिवली.

"भांडुपहून आलोय, सीडीसाठी."

"चपला आत काढ रे बाबा, बाहेरच्या कुत्रं पळवतं."

कुंडलिकने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून अगदी बारीक आवाजात, सावकाश, सतरा आलं.

भीती त्याला नेमकी कशाची वाटत होती तेही नीट सांगता आलं नसतं. मेलेल्या मुलीच्या आवाजाची भीती वाटायला तो तयार होता. पण हा आवाज जुना नव्हता. दहा दिवसांपूर्वी तो त्या पॅसेजमधून दोनदा गेला होता, चहा प्यायला आत आणि जाताना बाहेर. तेव्हा त्या हिरव्या भिंतीशी कोणीतरी उभं होतं आणि मोजत होतं, आणि आपण त्याच्या पाठीमागून, खांदा चुकवून गेलो असणार.

५

"मला माहीत आहे," जयंतीकाकू म्हणाल्या.

लॅपटॉप त्यांच्यासमोर खोक्यावर होता. त्यांनी अठरापर्यंत ऐकलं होतं, स्वतःच्या दारातलं स्वतःचं बोलणंही ऐकलं होतं, आणि चेहरा जराही बदलला नव्हता.

"ती दहाच मोजायची रे नेहमी. वीस मी सांगितले."

त्यांनी सगळं सांगितलं, एकदम, पाठ असल्यासारखं. उन्हाळ्याची सुट्टी होती. लपाछपी चालली होती, दोघींचीच. आमटी गॅसवर आणि घरात कोथिंबीर नाही. राज्य इरावर होतं. जयंतीबाईंना वाटलं, पोरगी मोजतेय तोवर खाली जाऊन येऊ. म्हणून म्हणाल्या, आज दहा नाही, वीस मोज. चांगली मोठी झालीस. तिने भिंतीला कपाळ लावलं. या हळूच दार ओढून खाली गेल्या. कोथिंबीरवाल्याशी दोन शब्द जास्त झाले.

"शेजारच्या नानांनी ऐकलं. भिंतीपलीकडून ऐकू यायचं सगळं. वीस झाले, मग तिने विचारलं, येऊ का? कोणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. तीनदा विचारलं तिने. मग शोधायला लागली. कुठेच नाही म्हटल्यावर गॅलरीत स्टूल नेऊन खाली बघत होती, मी तिथे लपले असेन म्हणून."

पंखा टक टक करत फिरत होता. कुंडलिकने भिंतीकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

"पंचवीस वर्षं मी ती भिंत रंगवू दिली नाही. कपाळाचा डाग आहे तो तिच्या. आता बिल्डर पाडणार. ती तिथेच मोजत राहायची आणि वर नवी बिल्डिंग उभी राहायची, हे मला सहन होणार नाही. मला फक्त उत्तर द्यायचंय रे."

"काकू, हे... आपल्याला माहीत नाही हे काय आहे."

"तुला माहीत नाही. मी आई आहे."

कुंडलिकला नाही म्हणायचं होतं. सीडी मोडून टाकावी, सगळ्या फाइली पुसाव्यात, असं दोन रात्री त्याच्या मनात घोळलं होतं. पण आजवर त्याने एकही प्रत पुसली नव्हती, आणि ही बाई समोर बसून हात जोडत होती. "शुक्रवारी दुपारी येतो," तो म्हणाला. निघण्यापूर्वी त्यांनी पुन्हा एकदा ऐकवायला लावलं. एकोणीस.

६

शुक्रवारी घर जवळजवळ रिकामं होतं. पलंग, एक कपाट, एक खुर्ची आणि खुर्चीपुढे खोकं. ऊन थेट हॉलच्या लादीवर पडलं होतं, खाली केळेवाला ओरडत होता. भीती वाटावी असं काहीच नव्हतं.

"नक्कल नको. सीडीच लाव," काकू म्हणाल्या. त्यांनी ठेवणीतली अबोली साडी नेसली होती, वर पावडरही लावली होती. "मी लपते. तेव्हा मी लपलेच नव्हते, तेच चुकलं. आज नीट लपते."

सहासष्ट वर्षांची ती बाई, गुडघ्यांनी जर्जर, बेडरूमच्या दारामागे जाऊन भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. दाराच्या फटीतून साडीचा काठ दिसत होता. कुंडलिकने जाऊन तो काठ आत सारला. त्यांनी तोंडावर बोट ठेवून त्याला हाकललं.

तो खुर्चीत येऊन बसला. पाठ पॅसेजकडे, तोंड खिडकीकडे. मुद्दामच तसा बसला, काही दिसू नये म्हणून. ड्राइव्हने सीडी घेतली. आतून चर्र आवाज आला, थर सोलला जात होता. हे शेवटचं वाचन, त्याला कळत होतं.

एक, दोन, तीन. आवाज लॅपटॉपमधून येत होता. सातला बोबडा. दहा. अकरा. बाराला विमान गेलं, आणि ते लॅपटॉपमधलं की खरं, हे त्याला सांगता येईना. पंख्याची टकटक एकात एक मिसळली होती. चौदा, पंधरा. त्याने हात पुढे करून लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद केला.

सोळा, मागून आलं. सतरा.

अठरा.

एकोणीस.

मध्ये एक श्वास, भिंतीवर आपटून परत आलेला. वीस.

"येऊ का?"

बेडरूममधून लगेच, घाईने, पंचवीस वर्षं जिभेवर धरलेलं उत्तर आलं. "ये गं, ये."

ओलसर काहीतरी भिंतीवरून सुटल्याचा आवाज झाला. घामाचं कपाळ तेलरंगाच्या भिंतीवरून उचलावं तसा.

७

अनवाणी पावलं. दोन, तीन. मग थांबली.

कुंडलिकला वाटलं होतं ती सरळ बेडरूमकडे जातील. पॅसेजमधून डावीकडे बेडरूम, उजवीकडे हॉल. पावलं उजवीकडे वळली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला, की या घरात आज दोघं होते. एक दारामागे नीट लपली होती. आणि दुसरा, भर उन्हात, मध्यावर खुर्ची टाकून बसला होता.

तो उठला नाही. उठता आलं नाही. समोरच्या बंद खिडकीच्या काचेत हॉल दिसत होता, उन्हामुळे फिकट. खुर्चीच्या पाठीच्या वर त्याचं स्वतःचं डोकं. त्याच्या खांद्यापाशी काळेभोर केस आणि त्यांतला सरळ भांग, बस. त्याने डोळे मिटून घेतले.

पाठीवर छोटा हात पडला. थाप मारावी तसा, खेळीमेळीने. शर्टातून गार लागला.

मग पावलं पळत बेडरूमकडे गेली. दार करकरलं. जयंतीकाकू हसल्या. असं हसणं त्याने मोठ्या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सापडल्यावर पोरं हसतात तसं.

मग काही नाही. पंखा, केळेवाला.

तो आत गेला तेव्हा त्या एकट्याच बसल्या होत्या, डोळे पुसत. "सापडले बघ," त्या म्हणाल्या. त्याने हात देऊन त्यांना उठवलं. त्या पॅसेजमध्ये गेल्या, डागावर तळवा ठेवला, तो ओला निघाला. त्यांनी तो तळवा गालाला लावला. वर्षानुवर्षांचं ओझं उतरलेल्या माणसासारख्या दिसत होत्या, आणि कुंडलिकला त्यांच्यासाठी मनापासून बरं वाटलं.

चहा ठेवताना अचानक त्यांचा हात थांबला. "आधी हॉलमध्ये आल्यासारखी वाटली मला. तुला शिवली नाही ना ती?"

कुंडलिकने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"नाही काकू," तो म्हणाला. "सरळ तुमच्याकडेच आली."

घरी जाऊन त्याने सीडी उजेडात धरली. थर पार गेला होता. आरपार खिडकी दिसत होती.

८

पंधरा दिवस काही झालं नाही. काकू मुलुंडला भाड्याच्या घरात गेल्या, फोनवर मोकळ्या बोलल्या. कुंडलिकने आपली प्रत उघडली नाही. पुसलीही नाही. पुसली असती तर आपण घाबरलो हे कबूल करावं लागलं असतं.

परीक्षेचे दिवस होते. तो सकाळी साडेसहालाच कॉलेजला निघायचा आणि चारला परतायचा. त्या सोमवारी घराच्या पायऱ्या चढत असतानाच रेवतीचा फोन आला.

"काय भारी गेम आहे रे तुझा तो," ती म्हणाली. "पण तू म्हणालास मुलीचा आवाज आहे. यात तर बाप्या मोजतोय."

त्याने कठड्याला धरलं. "कोण?"

"मला काय माहीत. तुझ्यासारखाच घोगरा आहे. मी गेल्या रविवारी चालवला तेव्हा 'एक' म्हणाला आणि थांबला. पुन्हा लावला तर दोन. म्हटलं झकास आयडिया आहे, आपल्या ग्रुपवर टाकला. सगळे चालवतायत. आज सकाळी एकाने कळवलं, वीस पूर्ण झाले."

"काढ तो, रेवती. आत्ताच्या आत्ता काढ."

"काढते रे, पण लोकांनी उतरवून घेतलाय. झालं काय?"

तो फोन बंद करून घरात शिरला. स्वयंपाकघरात कुकर लागला होता, आई भाजी निवडत बसली होती. मोरीजवळच्या भिंतीवर त्याची नजर गेली. गेल्याच दिवाळीत त्याने ती आपल्या हाताने पांढरी केली होती. तिच्यावर एक तेलकट गोल डाग पडला होता. तो जवळ गेला. डाग बरोबर त्याच्या कपाळाच्या उंचीवर होता.

"आई, हे कशाने झालं?"

"मलाच विचारतो का?" आई भाजीवरून नजर न उचलता म्हणाली. "तूच उभा राहतो की तिथं आठ दिवसांपासून. भिंतीला डोकं लावून पुटपुटत असतो. म्हटलं डोकं दुखत असंल, परीक्षेचा ताप."

"केव्हा उभा असतो?"

"सकाळी. नऊ-साडेनऊला." तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "आज तर कहरच केला. मी इथंच बसलेली, आणि तिथून विचारतो, येऊ का? आता आपल्याच घरात कामून विचारावं माणसानं? म्हटलं, ये की."

"मग?"

"मग काय. आला, पाठीवर थाप मारली आणि गेला." आईने पदर सारखा केला, खांद्यामागे हात नेऊन ती जागा चोळली. "हात लई गार होता रे तुझा."